मुकी डबी

"आई, गोळी घेतलीस का गं? कोमट पाण्याबरोबर घे हं."

कमलिनीबाईंच्या औषधाच्या डबीतून त्यांच्या श्रीरंगचा आवाज आला, आणि शेजारच्या खाटेवर मालनबाईंचं डोकं फिरलं. या वृद्धाश्रमात जो गोळी विसरेल, त्याच्याशीच डबी त्याच्या मुलाच्या आवाजात बोलायची. मालनबाई कधीच विसरत नसत, म्हणून त्यांची डबी मुकी.

"विसरायचं बक्षीस मिळतंय हिला," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी रक्तदाबाची गोळी मुद्दाम डबीतच ठेवली.

जेवणं झाली. डोकं ठणकायला लागलं, तरी त्या हटल्या नाहीत. खरं तर त्यांच्या मुलाने, विजूने, डबीसाठी आवाजाचा नमुना दिलाच नव्हता. "मग डबीच आश्रमातल्या इतर डब्यांच्या आवाजांतून निवडते," नर्स म्हणाली होती. "ज्या आवाजाने तुमची नाडी जलद होते, तो."

अखेर डबी बोलली. "आई, घे ना गं गोळी. माझ्यासाठी."

श्रीरंग!

कमलिनीबाई ताडकन उठून बसल्या. "अहो, तो माझा मुलगा आहे!"

मालनबाईंनी गोळी गिळली, डबी पदराखाली ओढली आणि तिच्याशी कुजबुजल्या, "उद्या हळू बोल रे बाळा. शेजारीण ऐकते."