स्ट्रेचरची बिजागरी

सही करायची वेळ आली आणि मधुरिमा शितोळेंनी पेनाला टोपण लावून टाकलं.

मंचावर लष्करी खरेदी विभागाचे अधिकारी, खाली इंदूरचे कारखानदार आणि मागे भलामोठा फलक: ‘पुरवठादार नव्हे, भागीदार’. सकाळपासून भाषणं ठोकून सगळ्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून झालं होतं. मधुरिमाताईंच्या पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फौजेसाठी घडीची स्ट्रेचरं बनत. पुढच्या पाच वर्षांचा करार मंचाखाली, त्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर होता. तो गेला, तर कारखान्याला कुलूपच.

“काय झालं, मॅडम?” पुण्याहून आलेले खरेदी अधिकारी हृषीकेश बापट हसून म्हणाले.

“सर, तुमची तक्रार आली की बिजागरी अडकते. मी विचारलं, कुठे अडकते, कधी अडकते? जवाब आला, ‘सुधारणा करावी’. अब बताइए, कशाची सुधारणा करू? जे जवान हे उचलतात, त्यांच्याशी माझी बात करून द्या. मग करते सही.”

“पुरवठादाराने थेट जवानांशी बोलणं नियमात बसत नाही. आमच्यामार्फत लिहा.”

“लिहिलं ना, सर. तुमच्याच टेबलांवर फिरून फिरून परत आलं.”

मागच्या तक्रारीला त्यांनी असंच मूग गिळून अंदाजाने पिन बदलली होती. अंदाज बरोबर होता की चूक, हेसुद्धा कोणी कळवलं नाही. कुठल्याशा उतारावर, वर जखमी पोरगं असताना आपली बिजागरी दगा देईल, या धास्तीने त्यांना घास जात नसे. आता मात्र धास्तीची जागा रागाने घेतली होती.

शेजारी बसलेले कारखानदार ऋषभ जैन कुजबुजले, “दीदी, अभी साइन कर दो. बाद में देख लेंगे.”

“बाद में कधी, भिया? कोणी खाली पडल्यावर?” त्या मोठ्याने म्हणाल्या. सभागृहात चुळबुळ झाली.

बापटांचं हसू मावळलं. “करार गेला तर नुकसान तुमचं आहे, मॅडम.”

“आहेच. पण मग तो बोर्ड उतरवा. घेणारे आणि विकणारे, बस इतकंच लिहा.”

त्या उठल्या. मंचाखाली एका कडेला त्यांचंच एक स्ट्रेचर झेंडूच्या माळा घालून शोभेला मांडलं होतं. त्यांनी माळा काढून बाजूला ठेवल्या, स्ट्रेचर ओढत मंचासमोर मधोमध आणलं, पदर खोचला आणि सगळ्यांदेखत त्यावर सरळ आडव्या झाल्या.

“मॅडम, हे काय चाललंय?”

“जवानांना विचारायचं नाही ना? मग तुम्ही उचला. बाहेरच्या जिन्यावरून खाली न्या. कुठे अडकतं, ते मी ऐकते.”

कोणी हललं नाही. एका कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला. बापटांनी वरिष्ठांकडे पाहिलं, तर ते कार्यक्रमपत्रिका वाचण्यात गर्क. अखेर बापटांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, खाली उतरले आणि डोक्याकडच्या दांड्या धरल्या. स्ट्रेचरचं एक टोक वर आलं, दुसरं गालिच्यावरच राहिलं.

“एकट्याने नाही होत, सर,” मधुरिमाताई पडल्यापडल्याच म्हणाल्या. “मंचावरून कोणाला तरी बोलवा. मी उठत नाही तोवर.”