वेणीमाधवचा सायलेन्सर

यज्ञेश्वरशास्त्र्यांनी उपरण्यात गुंडाळलेला सायलेन्सर दिनानाथ मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवला आणि मोठ्या तोऱ्यात गाठ सोडली. मोटारीच्या पोटाखाली जन्म काढलेली ती लोखंडी नळी पूजेच्या तांब्यासारखी लखलखत होती.

"राख लावून घासला," शास्त्री म्हणाले. "दुसऱ्याला द्यायची वस्तू, काजळीसकट कशी द्यायची? आत गंगेचं पाणी घातलं. केवढी काळी जट होती रे आत! तारेचा आकडा घालून सगळी उपसली. अख्खा दिवस गेला."

दिनानाथने सायलेन्सर डोळ्याला लावला. आरपार दुकानासमोरचा मैदागिनचा रस्ता दिसला.

"अरे राम! काका, ती जट नव्हती. आवाज दाबायला तारेची लोकर भरलेली असते. विलायती माल, लढाई लागल्यापासून मिळत नाही. एका साहेबाचा ड्रायव्हर यासाठी रोज चक्कर मारतोय. आता हा बिलकुल बेकार. भंगारात जाईल."

शास्त्र्यांचा चेहरा पडला. मुलगा वेणीमाधव विषमज्वराने जाऊन तीन महिने झाले होते. तो चालवायचा ती मोटार शेठची, ती शेठकडे गेली. सायलेन्सर तेवढा त्याने स्वतःच्या पगारातून घेतलेला, म्हणून दिनानाथने तो काढून रामघाटावर घरी आणून दिला होता. त्याची आई सीताबाई तो उशाशी घेऊन निजू लागल्या, तेव्हा शास्त्र्यांनी विकायचं ठरवलं. पोराची वस्तू कुणाच्या तरी मोटारीला लागावी, चालती राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. आणि आता त्यांनीच तिची वाट लावली होती.

"पण त्यानं हा घेतलाच कशाला? शेठच्या मोटारीला होता ना एक?"

दिनानाथ हातातल्या चिंधीला उगीचच बोटं पुसत राहिला.

"तुमच्यासाठी, काका. मोटार तुमच्या वेदपाठशाळेखालून गेली की मुलांचे स्वर चुकतात, असं तुम्ही सगळ्यांदेखत त्याला बोललात. त्याच महिन्यात कलकत्त्याहून मागवला. मीच बसवला. मग एकदम खामोश."

शास्त्री स्टुलावर बसले. मोटारीचा आवाज यायचा थांबला, तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरगा रागावून दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागला. मग तेही हट्टाला पेटले. दोन वर्षं विचारलं नाही. आणि तो रोज खिडकीखालून जात होता.

ते उठले. सायलेन्सर त्यांनी दिनानाथच्या हातात दिला.

"असाच लाव कुणाच्या तरी मोटारीला. पैसे नकोत."

"काका, कान फुटतील लोकांचे!"

"फुटू देत. पाठशाळेखालून ने," शास्त्री म्हणाले. "पाठ चालू असतानाच ने. मी पाठ थांबवून खिडकीत येईन."