हाताबाहेरची गोष्ट

ऑपरेशन थिएटरच्या दारात नर्सने निवृत्त हेडमास्तरांच्या ओंजळीत त्यांच्या बायकोचा चष्मा आणि कवळीची डबी ठेवली. स्ट्रेचरवरून बाई बोळक्या तोंडाने एवढंच म्हणाल्या, "अहो, कवळीवर बसू नका." मग दार लागलं.

ज्यांच्या हातात हयातभर छडी होती, त्या हेडमास्तरांना निवृत्तीनंतर स्टोइक तत्त्वज्ञानाने धरलं होतं. ती मंडळी दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेली की गोष्टी दोनच प्रकारच्या: आपल्या हातातल्या आणि हातात नसलेल्या. पहिल्या नीट कराव्यात, दुसऱ्यांचा घोर लावून घेऊ नये. घरात याचा फार उपयोग झाला. नळाला पाणी नाही? आपल्या हातात नाही. दूध उतू गेलं? हातात नाही. "कचऱ्याची बादली मात्र तुमच्याच हातात आहे," म्हणत बायकोने ती खरोखरच हातात दिली होती. "आणि तुमच्या त्या स्टोव्हवाल्यांना विचारा, त्यांचं दूध कोण बघायचं?"

बाकावर शेजारी मेहुणा बसला होता. त्याला गप्प बसणं जमत नसे.

"भावोजी, ताईची गाठ कसली निघेल हो?"

"ते आपल्या हातात नाही."

"आणि डॉक्टरांचा हात?"

"तो त्यांच्या हातात."

"मग तुमच्या हातात आहे तरी काय?"

हेडमास्तरांनी खाली पाहिलं. "चष्मा," ते म्हणाले.

काचांवर तेलाचे शिंतोडे होते, बोटांचे ठसे होते, दांडीच्या बिजागरीत पीठ वाळून बसलं होतं. यातून ही बाई जगाकडे बघत होती आणि तरीही जगाला नावं ठेवत नव्हती. हेडमास्तरांनी सदऱ्याचं टोक ओढलं आणि पुसायला घेतलं.

पुसता पुसता त्यांना दुसरा धडा आठवला: जे प्रिय आहे, ते गेलं अशी अधूनमधून कल्पना करावी, म्हणजे असल्याची किंमत कळते. त्यांनी काचांमागे डोळेच नाहीत अशी कल्पना करायला घेतली. अर्ध्यावर सोडून दिली. किंमत कळली होती.

"भावोजी, पुरे. काच झिजेल."

दार उघडलं. डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली केला. "तपासून घेतली. साधी गाठ होती. घाबरायचं कारण नाही."

"आभारी आहे," हेडमास्तर डॉक्टरांना म्हणाले. मग नर्सला म्हणाले. मग स्ट्रेचर ढकलणाऱ्याला. मग दाराकडे बघूनही म्हणाले.

"दाराचे कसले आभार?" मेहुण्याने विचारलं.

"उघडलं ना."

संध्याकाळी बाई पुरत्या शुद्धीवर आल्या. त्यांनी आधी कवळी मागून घेतली, कारण बोलायचं बरंच साठलं होतं. मग चष्मा. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी खिडकी पाहिली, पंखा पाहिला, भिंतीवरची पाल पाहिली.

"अगंबाई, केवढं स्वच्छ दिसतंय! आधी नाही कधी पुसलात?"

"सुचलं नाही," हेडमास्तर म्हणाले.

मग बाईंची नजर फिरत फिरत त्यांच्यावर आली आणि थांबली. स्वच्छ काचेतून काही लपत नव्हतं.

"अहो, डोळे केवढे लाल झालेत तुमचे! आणि ते तुमचे स्टोव्हवाले कुठे गेले होते?"

हेडमास्तरांनी सदऱ्याचं चुरगळलेलं टोक हळूच आत खोचलं.

"ते काही माझ्या हातात नव्हतं."