मलमाचं बोट

मेंढी एकदम दचकली. सटवाजीनं हात थांबवला आणि पुढच्या पायाच्या बगलेतली लोकर बोटांनी बाजूला केली. कातडीवर लाल रेघ उमटली होती.

मेंढ्या भादरायला मदत म्हणून आखाडा बाळापूरहून आलेले पाहुणे माना वळवून बघायला लागले. सटवाजीच्या कातरीला आजवर रक्त लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मलमाच्या डबीत त्यानं कधी बोट घातलं नव्हतं. दुसऱ्यांपुढं मात्र दरसाल तोच ती सरकवायचा आणि बजावायचा, ज्याच्या कातरीनं लागलं त्यानंच लावायचं.

"द्या इकडं, आबा," पोरगा शिवहार म्हणाला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. "हात थरथरून राहिला तुमचा. काहून तकलीफ घेता? मलम मी लावतो, बाकीच्या बी मीच भादरतो."

सटवाजीची मूठ आवळली. कातर आज ना उद्या द्यायचीच होती. पण अशी नाही, चार माणसांत काढून घेतल्यासारखी.

सून शिवकन्या डबी घेऊन आली. दगडी पाला, कडुनिंब आणि हळद करंजाच्या तेलात कढवून, वर मेण घालून मलम तिनंच केलं होतं. शिवहारनं हात पुढं केला. तिनं त्याचा हात चुकवून डबी सासऱ्यापुढं धरली.

"मामा, नेम तुमचाच हाय."

"अगं, पण त्यांचा हात..." शिवहार म्हणाला.

"तुमच्या वक्ताला कुणी मोडला होता का नेम? मागच्या साली डबी खरवडून खरवडून मलम पुरवलं तुमाला."

पाहुणे हसले. शिवहारही हसला.

सटवाजीनं डबीत बोट घातलं. मलम हळूहळू रेघेवर पसरलं. मेंढीनं मान त्याच्या गुडघ्यावर टाकली.

"आता अर्धी नका सोडू तिला," म्हणून शिवकन्या चुलीकडं गेली.

त्यानं ती मेंढी सावकाश पुरी भादरली. मग उठला, कातर पुसली आणि आपण होऊन शिवहारच्या हातात दिली. "बगलेत कातडी ताणून धरत जा," एवढंच म्हणाला. डबी मात्र जवळ ठेवून घेतली.

थोड्या वेळानं शिवहारच्या हातातली मेंढी दचकली. सटवाजीनं वर न बघताच डबी त्याच्याकडं सरकवली.

दुपारी शिवकन्येनं हातावर पाणी घालायला तांब्या उचलला, तर सटवाजी आधीच भाकरी मोडून बसला होता. बोटावर मलम तसंच होतं.

"कडू लागंल ना, मामा."

"न्हाई," तो घास चावत म्हणाला. "अजून अर्धी वाढ, पोरी."