एल सौसालचा सांधा

“काका, ही लाल वायर कुठल्या स्क्रूला?” मिर्ताने टेबलाखालून विचारलं.

अल्सिदेसने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“डावीकडच्या.”

“खऱ्या स्टेशनवरही डावीकडेच होती?”

“एवढं कुणाच्या लक्षात राहतंय?” तो म्हणाला.

त्याच्या लक्षात होतं. एक्केचाळीस वर्षं लक्षात होतं.

एल सौसालच्या बंद पडलेल्या मालधक्क्यात आगगाड्यांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या हौशी लोकांचा क्लब भरायचा. यंदा त्यांनी गावचंच स्टेशन उभं केलं होतं, एकाहत्तर सालचं, जसंच्या तसं. गुरं चढवायचा धक्का, पाण्याची टाकी, दुमजली केबिन. रविवारी सगळं गाव बघायला येणार होतं. राहिला होता फक्त केबिनसमोरचा जोडरूळ, गाडीला एका मार्गावरून शेजारच्या मार्गावर नेणारा. त्याच्या दोन टोकांना दोन सांधे. एक बटण दाबलं की दोन्ही एकदम वळायला हवेत. एकाच्या वायरी उलट लागल्या की एक सांधा बरोबर वळतो, दुसरा उलट बाजूला, आणि गाडी घसरते.

खऱ्या जोडरुळावर एकाहत्तरच्या ऑगस्टात, एका बुधवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांची, दिवसातली पहिली गाडी अशीच घसरली होती. चालक जागीच गेला. तो डेल्फोर, अल्सिदेसचा थोरला भाऊ. केबिनमध्ये सांधेवाला होता सेवेरिनो, मिर्ताचे वडील. चौकशीत सेवेरिनो एकच वाक्य बोलला, “दांडा मी ओढला, चूक माझी.” त्याची नोकरी गेली. बायको-पोरीला घेऊन तो दक्षिणेकडे निघून गेला.

गेल्या हिवाळ्यात सेवेरिनो वारला. पाठोपाठ पन्नाशीची मिर्ता गावात परतली आणि थेट क्लबात येऊन म्हणाली, “जोडरुळाचं काम मी करते. काका शिकवणार असतील तर.” अल्सिदेसला नाही म्हणता आलं नाही. भाऊ मारणाऱ्याच्या मुलीला शिकवतोय, केवढं मोठं मन, असं गावात जो तो म्हणू लागला.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी पलीकडच्या सांध्याच्या पेटीतल्या वायरी अल्सिदेसनेच, तेव्हाच्या रेल्वेच्या वायरमनने, बदलल्या होत्या, हे गावाला ठाऊक नव्हतं. ऑगस्टातला हिवाळा, गार वारा सुटला होता, बोटं आखडली होती, घरी जायची घाई होती. काम झाल्यावर केबिनमध्ये चढून दांडा ओढून पाहायचा असतो. तो चढलाच नाही. भावाला माती देताना त्याला एकदम आठवलं, दोन वायरी आपण उलट लावल्या. पेटी तोवर डब्याखाली चेंदामेंदा झाली होती. त्याला कुणी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. सेवेरिनोने गाव सोडलं त्या दिवशी तो दाराला कडी लावून घरात बसला. पुढे सेवेरिनोची दोन पत्रं आली. ती त्याने न फोडता चुलीत घातली.

आणि आता ही रोज विचारत होती. पेटी कुठे होती, वायरी कोण बघायचं, दांड्याला किती जोर लागायचा.

“झालं!” मिर्ता गुडघे झाडत उठली. “काका, उद्या मी पप्पांविषयी दोन शब्द बोलणार आहे. सगळ्यांसमोर. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं.”

“मी कशाला?”

“तुम्ही नसाल तर बोलण्यात अर्थच नाही.”

अल्सिदेसची खात्री पटली. हिला माहीत आहे. सेवेरिनोने ओळखलं असणार, मरताना सांगून गेला असणार.

“हा गरम माते चहा घ्या घोटभर, अल्सिदेस. तोंड बघा, लिंबू चोखल्यासारखं झालंय,” क्लबचा जाडा रुफिनो थर्मास पुढे करत म्हणाला. “चला बाई, सोडू का गाडी?”

त्याने बटण दाबलं. केबिनजवळचा सांधा टक्कन वळला. पलीकडचा हलला, पण उलट बाजूला. वायरी लावताना मिर्ता टेबलाखाली तोंड वर करून झोपली होती. तिचं डावं ते वरून उजवं. गाडी जोडरुळावर शिरली, उडी मारून आडवी झाली आणि तिची चाकं हवेत फिरत राहिली.

“वा, बाई! पोचवलंत प्रवाशांना!” रुफिनो खदखदून हसला. मग त्याला अल्सिदेसचा चेहरा दिसला. “मी... पाणी गरम करून आणतो,” म्हणून तो थर्मास उचलून निघून गेला.

“उलट लागल्या वाटतं,” मिर्ता पुटपुटली आणि खाली वाकली.

“राहू दे.” अल्सिदेसने टेबलाची कड घट्ट धरली होती. “असंच होतं ते. त्या दिवशीही अस्संच होतं.”

ती थांबली.

“मंगळवारी संध्याकाळी मी पेटी उघडली होती. वायरी मी उलट लावल्या. तुझ्या बापाचा काही दोष नव्हता, पोरी. त्याने बरोबर दांडा ओढला. डेल्फोरला मी मारलं, आणि तुझ्या बापाला आयुष्यभर भोगायला लावलं. उद्या हेच सांगणार आहेस ना? सांग. मी बसतो पहिल्या रांगेत.”

मिर्ताने आडवं पडलेलं इंजिन उचललं आणि त्याची चाकं थांबेपर्यंत हातात धरून ठेवलं. मग ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिचे डोळे भरून आले होते.

“उद्या मी पप्पांच्या वतीने तुमची माफी मागणार होते, काका,” ती म्हणाली. “जायच्या आधी त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या बुधवारी सहाला ड्यूटीवर येताच पप्पांनी दांडा ओढून पाहिला. पलीकडचा सांधा उलटा वळतोय हे त्यांना दिसलं. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून ते स्वतः खाली उतरले, वायरी सरळ केल्या आणि कुणाजवळ बोलले नाहीत. नऊ वाजून दहाला सांधा ठीक होता. गाडी सांध्यावर असतानाच त्यांनी चुकीचा दांडा ओढला.”