वळणापर्यंतचा उजेड

“उजेड त्या वळणापर्यंत पोचेल का?” म्हातारीने खालून पुन्हा विचारलं.

“पोचेल, आजी. पण अंगणातला दिवा आमच्या योजनेत बसत नाही. घरात दोन दिवे आणि मोबाइल चार्ज करायची सोय, एवढंच.”

“घरात एकच पुरे. तोही बाहेरून दिसणार नाही असा लावा. मोठा मात्र बाहेर द्या.”

पत्र्यावर बसून ती पॅनलचे बोल्ट आवळत होती. वस्तीत तिला सगळे सोलारताई म्हणत. विजेचे खांब मोठ्या रस्त्यावरच्या कारखान्यापाशी येऊन थांबले होते, ते इकडे कधी वळलेच नाहीत. आता सरकारी योजनेतून प्रत्येक छपरावर पॅनल बसत होतं. सुरुवातीला एखाद्या घरात पहिला दिवा लागला, की तिचेच डोळे भरून यायचे. आई गेल्यापासून तसं काही होईनासं झालं होतं. दिवा लागायचा, लोक टाळ्या वाजवायचे, ती पाने-पक्कड पिशवीत भरायची आणि पुढच्या घरी जायची.

शिडी उतरून ती अंगणात आली. सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. खांद्यावर छोटी मुलगी झोपलेली. तांब्या धरलेला हात मनगटाशी वाकडा जुळून आला होता. सोलारताईची नजर तिथे गेली, तशी सून म्हणाली, “पडले होते.”

“कोणी येणार आहे का, आजी?”

“मुलगा. तिकडून सुटलाय, असा निरोप आला. कधी उगवेल ते सांगणार थोडाच आहे!”

“माणसाची चाहूल लागली, की आपोआप पेटणारा दिवा आहे माझ्याकडे. बॅटरीही वाचेल.”

“म्हणजे तो दारात आल्यावर? नको बाई. आधीपासून जळता हवा. लांबून दिसायला हवं.”

सोलारताईचा भाऊ असाच एका भांडणानंतर घरातून निघून गेला होता. आईने मरेपर्यंत दाराला आतून कडी लावू दिली नाही. बाहेर जरा खुट्ट झालं, तरी उठून बसायची. तो काही आला नाही.

टेम्पोत एकच मोठा दिवा होता, तोही वस्तीच्या पाण्याच्या टाकीसाठी आलेला. तिने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. तिने “हो सर” म्हटलं, फोन ठेवला आणि तोच दिवा म्हातारीच्या अंगणातल्या खांबावर चढवला.

आता बोंबाबोंब होणार, अशी तिची खात्री होती. कोणाच्या छपरावर पॅनल आधी लागणार, यावरून सकाळीच दोन घरांची जुंपली होती. पण टाकीचा दिवा म्हातारीकडे गेला, तरी कोणी चकार शब्द काढला नाही. उलट शेजारच्या सुताराने न सांगता येऊन खांब धरला.

“जरा अजून वर घ्या,” तो एवढंच म्हणाला.

काही आठवड्यांनी ती बॅटऱ्या तपासायला निघाली, तेव्हा दिवस मावळायला आला होता. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्याला एका माणसाने हात केला. खांद्याला पिशवी, दाढी नीट केलेली, बोलणं मऊ.

“वस्तीवर जाताय का, मॅडम? काही वर्षं बाहेर होतो. आई असते तिथे. बायको, मुलगी.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. नाक थेट म्हातारीचं. “बसा, बसा,” ती म्हणाली. आपल्या आवाजात आनंद आहे, हे तिला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं.

वाटेत ती आपणहून बोलत सुटली. एरवी दिवसभर तोंड न उघडणारी बाई. “आजी रोज अंधार पडायच्या आत दिवा लावतात. आख्खा रस्ता उजळतो, पार वळणापर्यंत. तुम्ही लांबून दिसावेत म्हणून! स्टूल टाकून रस्त्याकडे बघत बसलेल्या असतात.”

तो समोरच्या काचेतून बघत जरासा हसला.

“रोज?”

“एक दिवस चुकत नाहीत.”

“मग असं करा. मला कालव्याच्या पुलापाशी सोडा. तिथून पायवाट आहे, घराच्या मागे निघते. जरा गंमत करतो त्यांची.”

तिने टेम्पो थांबवला. तो उतरला आणि “उपकार झाले तुमचे,” म्हणून झपाझप चालू लागला. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. फार दिवसांनी.

रस्त्याने वळसा घालून ती वस्तीत शिरली, तेव्हा दिवा लागलेला होता. म्हातारी स्टुलावर बसली होती, नजर वळणावर. दारातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता, आणि पोरीचं एकटीचंच काहीतरी गाणं.

“आजी, संपलं तुमचं वाट बघणं!” टेम्पोतून उडी मारतच सोलारताई म्हणाली. “मुलगा आलाय तुमचा. मीच आणलं त्याला.”

म्हातारीने तिच्यामागे रिकाम्या टेम्पोत पाहिलं. मग रस्त्याकडे. “कुठाय?”

“पुलापाशी उतरला. मागच्या वाटेने येतोय.”

म्हातारी उठली. स्टूल आडवं झालं. तिने घराकडे तोंड केलं आणि सोलारताईने कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ती ओरडली, “सूनबाई, मागच्या दाराने पळायचं ठरलं होतं, तसं जाऊ नकोस! तो तिकडूनच येतोय. पोरीला उचल आणि इकडून पळ!”