आधी समोरच्याचं

शाळेसमोरची गल्ली गाड्यांना बंद करावी की नाही, यावर शहराच्या ऑनलाइन चर्चेत नुसती हमरीतुमरी चालली होती. शेवटी तिथे एआय बसवला. त्याचा नियम एकच: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडा, मग आपलं.

गल्ली बंद व्हावी म्हणून हट्टाला पेटलेल्या सायकलवाल्याचं डोकंच फिरलं. "आता यंत्र मला शिकवणार!" आतून बायको काहीतरी म्हणाली. "हं, हं," करत त्याने लिहिलं, 'विरोध करणाऱ्या शिवणवाल्या बाईंना पोरांच्या जिवाची काही पडलेली नाही.'

"असं त्या म्हणालेल्या नाहीत," एआयने कळवलं. "पुन्हा वाचून बघता का?"

चरफडत त्याने बाईंचं लिहिणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. मग लिहिलं, 'तुमच्या आजारी सासऱ्यांसाठी अँब्युलन्स दारापर्यंत यायला हवी, म्हणून तुम्ही अडून बसलात.' आणि स्वतःचं म्हणणं लिहायचं विसरून पाठवूनही दिलं.

लगेच उत्तर आलं. 'हेच तर केव्हाची सांगतेय! फार आभारी आहे, दादा. अँब्युलन्स तेवढी आत येऊ द्या, बाकी गल्ली खुशाल बंद करा.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग फोन उपडा ठेवून स्वयंपाकघरात गेला.

"मघाशी काय म्हणत होतीस? मी हं हं केलं, पण ऐकलंच नव्हतं. पुन्हा सांग."

बायकोने गॅस बंद केला आणि स्टूल पुढे ओढलं.

"कुणी शिकवलं हो तुम्हाला हे? त्याचं भलं होवो!"